पुण्याचे महापौर विमानखात्यांत

४ जून २०२४ रोजीं लोकसभेच्या निवडणुकीचा निकाल लागला, आणि पुणें शहरांतून भारतीय जनता पक्षाचे श्री. मुरलीधर मोहोळ हे काँग्रेसचे श्री. रवींद्र धंगेकर यांच्यापेक्षां १,२३,०३८ मतें अधिक मिळवून निवडून आले. पांच दिवसांनीं, ९ जून रोजीं संध्याकाळीं, राष्ट्रपतिभवनाच्या प्रांगणांत नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधि झाला; त्यांत मोहोळांचें नांव होतें. दुसऱ्या दिवशीं खातेवांटप जाहीर झालें. सहकार आणि नागरी विमान वाहतूक या दोन खात्यांचे राज्यमंत्री म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. लोकसभेंत पहिलें पाऊल टाकणारा माणूस आठवड्याच्या आंत मंत्री व्हावा, ही वार्ता पुणेकरांच्या कानांना गोड वाटली यांत नवल नाहीं. आणि लगेच एक प्रश्न जो तो दुसऱ्याला विचारूं लागला: आतां आपल्या विमानतळाचें काम मार्गी लागणार ना?

या प्रश्नाचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं. आणि तें सोपें कां नाहीं हें समजून घेतलें, तर आपल्या राज्यकारभाराची पुष्कळशी रचना ध्यानांत येण्यासारखी आहे. गांवचा माणूस दिल्लीस मंत्री झाला म्हणजे गांवाला वाटतें कीं आतां खजिन्याची किल्लीच आपल्या कनवटीस आली. प्रत्यक्षांत कुलूप एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे, दार उघडण्याचा हुकूम तिसऱ्याकडे आणि दाराची चौकट चौथ्याच्या मालकीची, असा सरकारी संसार असतो. त्या घरांत राज्यमंत्री कोठें बसतो, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

त्या दिवशींच्या मंत्रिमंडळांत पंतप्रधानांसह बहात्तर जण होते. तीस कॅबिनेट दर्जाचे, पांच स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री, आणि छत्तीस नुसते राज्यमंत्री. यांतील ‘नुसते’ हा शब्द महत्त्वाचा आहे. स्वतंत्र कार्यभाराचा राज्यमंत्री आपल्या खात्याचा धनी असतो. दर्जा कमी, पण खात्यांत त्याच्यावर दुसरा मंत्री नाहीं. नुसत्या राज्यमंत्र्याच्या वर मात्र कॅबिनेट मंत्री असतो. खात्यांतील कोणते विषय धाकट्याकडे द्यावयाचे, कोणत्या फायली त्याच्या टेबलावरून जावयाच्या, हें थोरला ठरवितो. कॅबिनेटच्या बैठकीस राज्यमंत्री नेहमींचा सभासद म्हणून बसत नाहीं. त्याच्या खात्याचा विषय निघाला आणि बोलावणें आलें तर जावयाचें. संसदेंत मात्र त्याला काम भरपूर. सभासदांचे प्रश्न, त्यांचीं तोंडी आणि लेखी उत्तरें, आश्वासनांची पूर्तता, हा रोजचा भार बराचसा त्याच्याच अंगावर पडतो. थोडक्यांत, निर्णय घेतांना तो दाराबाहेर असूं शकतो. निर्णयाचा जाब देतांना तो उभा असावाच लागतो.

नागरी विमान वाहतुकीचे कॅबिनेट मंत्री झाले ते श्री. किंजरापु राममोहन नायडू, आंध्रांतील श्रीकाकुळमचे खासदार. शपथ घेतांना त्यांचें वय छत्तीस, मोहोळांचें एकोणपन्नास. वयानें थोरला तो पदानें धाकटा, अशी ही जोडी जुळली. परंतु नायडू त्या वेळीं तिसऱ्यांदा लोकसभेंत आले होते हें विसरतां कामा नये. सहकारखात्यांत मोहोळांचे ज्येष्ठ मंत्री श्री. अमित शहा, आणि शहांकडे गृहखातेंही होतें. ही गोष्ट पुढें एका ठिकाणीं उपयोगी पडेल.

पुण्याच्या वांट्यास वाहतुकीचें धाकटें मंत्रिपद येण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. १९९५-९६ मध्यें श्री. सुरेश कलमाडी रेल्वेचे राज्यमंत्री होते. त्या कारकीर्दीच्या बहुतेक काळांत कॅबिनेट दर्जाचा निराळा रेल्वेमंत्रीच नव्हता. खातें पंतप्रधान नरसिंहराव यांनीं स्वतःकडे ठेवलें होतें. पंतप्रधानांना रूळ आणि डबे यांकडे पाहावयास सवड कोठून असणार? म्हणून १९९६ सालचें रेल्वेचें अंतरिम अंदाजपत्रक राज्यमंत्र्यानेंच मांडलें. वरची खुर्ची अशी जवळजवळ रिकामी असली म्हणजे खालची किती रुंद होते, याचा हा नमुना. मोहोळांच्या बाबतींत वरची खुर्ची भरलेली होती. योगायोगाची गोष्ट अशी, कीं कलमाडी तरुणपणीं हवाई दलांत वैमानिक होते. त्यांच्याकडे आगगाड्या आल्या, आणि तालमींत अंग कमावलेल्या मोहोळांकडे विमानें!

मोहोळांचें गांव मुळशी तालुक्यांतील मुठा. त्या बाजूच्या मुलांना तालमीचा नाद असावयाचाच. तो त्यांनाही होता, आणि शिक्षणासाठीं कोल्हापुरास असतांना तेथील मातींत त्यांनीं कुस्ती केली. पुढें कोथरूड भागांतून ते पुणें महानगरपालिकेवर एकापेक्षां अधिक वेळां निवडून गेले, स्थायी समितीचे अध्यक्ष झाले, आणि २२ नोव्हेंबर २०१९ रोजीं महापौर. दिल्लीच्या खुर्चीविषयीं विचार करतांना ही महापौरपदाची खुर्ची नीट पाहण्यासारखी आहे. कारण दोहोंचें लांकूड एकाच झाडाचें आहे.

महापौर हा शहराचा पहिला नागरिक. झगा आहे, मान आहे, सभागृहांतील उंच आसन आहे. पाहुणे आले कीं स्वागत त्यानें करावयाचें. परंतु १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाप्रमाणें कार्यकारी सत्ता आयुक्ताच्या हातीं, आणि आयुक्ताची नेमणूक राज्य सरकारची. रस्त्यांतला खड्डा बुजवावा असा हुकूम महापौर स्वतःच्या सहीनें काढूं शकत नाहीं. तो आयुक्ताला सांगूं शकतो, सभेंत विचारूं शकतो, स्थायी समितींत तरतुदीचा आग्रह धरवूं शकतो, आणि कामास दिरंगाई झाली तर चारचौघांत तोंड उघडूं शकतो. गल्लींतल्या माणसाला हा भेद ठाऊक नसतो, आणि असण्याचें कारणही नाहीं. नळाला पाणी आलें नाहीं तर तो नगरसेवकाच्या दारांत उभा राहतो.

या खुर्चीची कसोटी लवकरच लागली. महापौर होऊन चार महिने झाले नव्हते, तोंच ९ मार्च २०२० रोजीं पुण्यांत करोनाचे दोन रोगी सांपडले. महाराष्ट्रांतले ते पहिले. पुढचे महिने कसे गेले तें शहरांतील कुटुंबांना सांगावयास नको. टाळेबंदीचे हुकूम राज्य सरकारचे, अंमलबजावणी आयुक्त, जिल्हाधिकारी आणि पोलिस यांची. खाट मिळेना, प्राणवायु मिळेना, म्हणून रात्रीं-बेरात्रीं फोन मात्र नगरसेवकाला आणि महापौराला. जुलै २०२० मध्यें महापौर स्वतःही त्या आजारानें पडले. ऑगस्टमध्यें शिवाजीनगरला अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर मोठें तात्पुरतें रुग्णालय उभें राहिलें. त्या दोन वर्षांतील महापालिकेच्या कारभाराविषयीं मतें निराळीं असूं शकतील. पण मान मोठा आणि अधिकार लहान अशा जागीं बसून एका कचेरीचें काम दुसऱ्या कचेरीच्या गळीं कसें उतरवावें, याचें शिक्षण त्या खुर्चीइतकें दुसरीकडे क्वचितच मिळेल. १४ मार्च २०२२ रोजीं महापालिकेची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, आणि कारभार प्रशासकाकडे गेला.

आतां लोहगांवची गोष्ट. हा तळ १९३९ सालीं ब्रिटिश हवाई दलासाठीं, मुंबईच्या रक्षणाच्या हेतूनें उभारण्यांत आला. स्वातंत्र्यानंतर तो भारतीय हवाई दलाकडे आला, आणि २००२ सालीं सुखोई-३० जातीच्या लढाऊ विमानांचें पथक येथेंच उभें राहिलें. प्रवाशांचीं विमानें या घरांत पाहुणीं आहेत. धांवपट्टी हवाई दलाची, विमानांच्या चढण्या-उतरण्याचें नियंत्रण हवाई दलाचें. कुंपणाच्या एका अंगाला प्रवाशांची इमारत आणि विमानें उभीं करण्याची जागा एवढेंच काय तें विमानतळ प्राधिकरणाचें. प्राधिकरण विमानखात्याखालीं येतें. हवाई दल संरक्षणखात्याखालीं. धांवपट्टीच्या डागडुजीसाठीं ऑक्टोबर २०२० पासून वर्षभर रात्रीचीं उड्डाणें बंद होतीं, आणि १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस तर सारा विमानतळच बंद राहिला. काम हवाई दलाचें, वेळापत्रक हवाई दलाचें. प्रवाशांचे शिव्याशाप तेवढे विमानखात्याला! धांवपट्टीची लांबी सुमारें अडीच हजार मीटर. मोठ्या विमानानें भरल्या टांकीनिशीं युरोप-अमेरिकेची वाट धरावी, इतकी ती पुरेशी नाहीं. ती वाढवावयाची तर शेजारची जमीन पाहिजे, आणि जमीन म्हटली कीं राज्य सरकार, महापालिका, संरक्षणखातें आणि प्राधिकरण असे चार भागीदार एका पंगतीस बसवावे लागतात.

या घरांत मोहोळांच्या पुढें आलेलें पहिलें काम हें बांधून तयार असलेलें काम होतें, आणि म्हणूनच तें मोठें बोलकें आहे. जुनी इमारत प्रवाशांच्या गर्दीनें ओसंडून चालली होती. म्हणून ५२,००० चौरस मीटरांची, वर्षाला नव्वद लाख प्रवाशांची सोय होईल अशी नवी इमारत शेजारीं बांधण्यांत आली. १० मार्च २०२४ रोजीं पंतप्रधानांनीं दूरून, पडद्यावरून, तिचें उद्घाटन केलें. आणि त्यानंतर ती इमारत बंदच राहिली! आंत दिवे, पट्टे, काउंटर सारें सज्ज. बाहेर जुन्या इमारतींत प्रवासी खांद्याला खांदा लावून उभे. अडचण मुख्यतः पहारेकऱ्यांची होती. प्रवाशांची झडती आणि इमारतीचा बंदोबस्त केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे असतो. नव्या इमारतीसाठीं वाढीव जवान पाहिजेत, आणि हें दल गृहखात्याचें. मध्यंतरीं निवडणुकीची आचारसंहिता लागू झालेली. तळ संरक्षणखात्याचा, इमारत विमानखात्याची आणि जवान गृहखात्याचे, असा हा त्रिवेणी संगम.

१४ जुलै २०२४ रोजीं, म्हणजे उद्घाटनानंतर चार महिन्यांनीं आणि मोहोळांच्या शपथविधीनंतर पांच आठवड्यांनीं, ती इमारत प्रवाशांना खुली झाली. यांत राज्यमंत्र्याचें श्रेय किती? बांधकाम त्याच्या आधींचें, पैसा आधींचा, उद्घाटनसुद्धां आधींचें. कोणी म्हणेल कीं आचारसंहिता संपल्यावर तें आपोआपच झालें असतें. झालें असतें खरें; पण सरकारी कामांत ‘आपोआप’ या शब्दाला पांच आठवडेही लागतात आणि पांच वर्षेंही. ज्या गृहखात्याची मंजुरी अडली होती त्याचेच मंत्री सहकारखात्यांत आपले ज्येष्ठ आहेत, ही सोयही प्रत्येक राज्यमंत्र्याला नसते. पुणेकरांनीं श्रेय द्यावयाचें तर तें एका फायलीमागें धांवल्याचें द्यावें. हें काम लहान दिसतें. परंतु धाकट्या मंत्र्याच्या हातीं जें असतें तें बहुतेक हेंच.

याच्या उलट प्रकारचें एक काम म्हणजे नांवाचें. लोहगांव हें तुकारामबोवांचें आजोळ. म्हणून विमानतळास ‘जगद्गुरु संत तुकाराम महाराज’ असें नांव द्यावें, ही कल्पना मोहोळांनीं पुढें मांडली, आणि राज्य मंत्रिमंडळानें २३ सप्टेंबर २०२४ रोजीं तो प्रस्ताव मान्य केला. अंतिम शब्द केंद्र सरकारचा. नांवाला कोणाचा विरोध असणार? वाढीव धांवपट्टीसाठीं जितक्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात, त्याच्या चतुर्थांशही यासाठीं लागत नाहींत. लोकप्रतिनिधींना नामकरणाची आवड कां असते याचें कोडें यांतून थोडें सुटतें.

पण राज्यमंत्री हा एका शहराचा नसतो. शपथेला एक वर्ष आणि तीन दिवस झाले होते, तेव्हां, १२ जून २०२५ रोजीं दुपारीं, अहमदाबादेहून लंडनला निघालेलें एअर इंडियाचें विमान उड्डाण होतांच एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलें. विमानांतील २४२ जणांपैकीं एकच वांचला. जमिनीवर मृत्यु पावलेले धरून २६० माणसें गेलीं. त्या दिवसानंतर विमानखात्याला विचारले जाणारे प्रश्न पार बदलले. नवें विमान कोठून कोठें सुरू होणार, हें विचारणारे सभासद आतां तपासणी कोण करतें, कितीदां करतें, आणि दोष सांपडला तर पुढें काय होतें, हें विचारूं लागले.

त्यांचीं उत्तरें देणें हें धाकट्या मंत्र्याचें काम. २१ जुलै २०२५ रोजीं राज्यसभेंत मोहोळांच्या नांवें लेखी उत्तर आलें: मागील सहा महिन्यांत सुरक्षिततेच्या नियमांच्या पांच उल्लंघनांबद्दल एअर इंडियाला नऊ कारणें दाखवा नोटिसा देण्यांत आल्या आहेत. कागदावर हें दोन ओळींचें उत्तर. परंतु असली माहिती सरकारच्या कपाटांतून बाहेर येऊन सर्वांच्या समोर ठेवली जाते, ती प्रश्न विचारणारा सभासद आणि उत्तराखालीं नांव असणारा मंत्री या दोघांमुळेंच. त्याच वर्षीं संसदेच्या एका समितीनेंही दाखवून दिलें होतें, कीं विमानांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या महासंचालनालयांतल्या मंजूर जागांपैकीं निम्म्याच्या घरांत जागा रिकाम्या आहेत. येथें शहराची इच्छा आणि देशाची गरज यांची वाट फुटते. नव्या मार्गावर पहिलें विमान उडालें कीं हारतुरे असतात, छायाचित्रें निघतात. तपासनिसाची रिकामी जागा भरली म्हणून कोणत्याही गांवानें आपल्या खासदाराचा सत्कार केल्याचें ऐकिवांत नाहीं. मतदारसंघ जें मोजतो तेंच मंत्र्यानें मोजावें असा मोह फार मोठा असतो, आणि विमानखात्यांत त्या मोहाची किंमत माणसांच्या जिवानें मोजावी लागूं शकते.

डिसेंबर २०२५ मध्यें याचाच दुसरा प्रकार दिसला. वैमानिकांना पुरेशी विश्रांति मिळावी म्हणून केलेले नवे नियम अंमलांत येतांना इंडिगो कंपनीचें वेळापत्रक ढांसळलें. ५ डिसेंबर या एका दिवशीं हजाराहून अधिक उड्डाणें रद्द झालीं. पुण्याच्या त्या नव्या इमारतींतही माणसें सामानावर बसून राहिलीं. लग्नाला निघालेले, परीक्षेला निघालेले, दवाखान्याच्या तारखेला निघालेले. सरकारनें त्या कंपनीला कांहीं नियमांतून तात्पुरती सूट दिली. ताटकळलेल्या प्रवाशाला त्या घटकेस तें बरेंच वाटलें असणार. पण दमलेल्या वैमानिकाच्या विमानांत बसावयाचें आहे असें कळलें असतें तर त्यानेंच काय म्हटलें असतें, हाही विचार मनांत येतो.

दोन खातीं एका माणसाकडे असलीं म्हणजे तीं कोठें तरी एकमेकांना भेटतात. विमान आणि सहकार यांची भेट महाराष्ट्रांत सोलापुरास झालेली आहे, आणि ती मोठी धडाक्याची झाली. तेथील विमानतळाच्या वाटेंत श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी उभी होती. विमानांना अडथळा म्हणून ती पाडावी असें एका बाजूचें म्हणणें. ती पाडली तर हजारों ऊंसकऱ्यांच्या गाळपाचें काय, असें दुसऱ्या बाजूचें. वर्षानुवर्षें वाद चालला, आणि अखेर १५ जून २०२३ रोजीं ती चिमणी पाडण्यांत आली. मोहोळ तेव्हां मंत्री नव्हते, त्यामुळें त्या निर्णयाचें माप त्यांच्या पदरांत पडत नाहीं. ९ जून २०२५ रोजीं सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालें, तेव्हां मात्र ते मंत्री होते. विमानांतल्या प्रवाशाला खालीं चिमणी नव्हती हें कळण्याचें कारण नव्हतें.

सोलापुरांत प्रश्न एका चिमणीचा होता. पुण्याजवळ पुरंदर तालुक्यांत तो सात गांवांचा आहे. लोहगांव हवाई दलाचें आहे आणि राहणार आहे, म्हणून पुण्याला स्वतःचा निराळा विमानतळ पाहिजे, ही गोष्ट आतां बहुतेकांना मान्य आहे. २०१६ सालीं राज्य सरकारनें त्यासाठीं पुरंदरची जागा जाहीर केली. पारगांव मेमाणे, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, उदाचीवाडी, वनपुरी आणि खानवडी हीं तीं गांवें. सीताफळ आणि अंजीर यांचा हा मुलूख. पुरंदरचे अंजीर देशभर नांवाजलेले. खानवडी हें तर महात्मा फुले यांच्या घराण्याचें गांव. मध्यंतरीं जागा बदलण्याच्या गोष्टी निघाल्या, पुन्हां मूळ जागेवर आल्या. मे २०२५ मध्यें ड्रोनच्या साह्यानें मोजणी करावयास पथक आलें, तेव्हां गांवकरी आडवे आले. दगडफेक झाली, पोलिसांनीं लाठ्या चालविल्या. त्यानंतर घ्यावयाच्या जमिनीचें क्षेत्र मूळ आंकड्यापेक्षां बरेंच कमी करण्यांत आलें, मोबदल्याचीं बोलणीं सुरू झालीं, आणि अनेक खातेदारांनीं संमतिपत्रेंही दिलीं. तरी ज्यांनीं दिलीं त्यांच्याही मनांत काय असेल हें संमतिपत्राच्या छापील नमुन्यांत लिहिण्यास जागा नसते.

या प्रश्नांत विमानखात्याच्या राज्यमंत्र्याची स्थिति मोठी चमत्कारिक आहे. विमानतळ व्हावा ही त्याच्या खात्याची इच्छा, त्याच्या शहराची इच्छा, आणि निवडणुकींत त्याला मत देणाऱ्यांचीही इच्छा. जमीन देणारे मात्र त्याचे मतदार नाहींत. पुरंदर तालुका लोकसभेसाठीं बारामती मतदारसंघांत मोडतो. विमानांत बसणारांचीं मतें एका पेटींत आणि विमानाखालची जमीन देणारांचीं दुसऱ्या पेटींत, अशी ही वांटणी झालेली आहे. भोर विधानसभा मतदारसंघ बारामतींतच मोडतो, आणि मुळशी तालुका भोरांत. म्हणजे मोहोळांचें मुठा गांवही त्याच दुसऱ्या बाजूला आहे.

मुळशीला हा अनुभव नवा नाहीं. १९२१ सालीं सेनापति बापटांनीं ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह पुकारला, तें टाटांचें धरण याच तालुक्यांतलें. वीज मुंबईला पाहिजे होती. पाण्याखालीं गेलीं तीं मावळ्यांचीं भातखाचरें. सत्याग्रह तीन वर्षें चालला आणि धरण झालें. त्या तालुक्यांत वाढलेल्या माणसाला ही कथा पुस्तकांतून वाचावी लागत नसेल. आणि सहकारखात्याच्या दुसऱ्या टोपीखालीं तर ऊंस, दूध आणि सोसायट्या यांच्या द्वारां शेतकऱ्यांशींच त्याचा रोजचा संबंध. पुरंदरच्या गांवकऱ्यांना त्याच्याशीं बोलावेंसें वाटलें, तर तें यासाठींच वाटेल.

बोलून त्यांच्या हातीं काय लागेल, हें सांगणें कठीण. विमानतळाच्या जागेला मान्यता देणें विमानखात्याकडे, आकाशांतला मार्ग लोहगांवच्या लढाऊ विमानांना आडवा येत नाहीं हें पाहणें संरक्षणखात्याकडे. जमिनीचें संपादन मात्र राज्य सरकारचें. त्याचे कागद दिल्लींत तयार होत नाहींत. ते पुण्याच्या जिल्हाधिकारी कचेरींत तयार होतात. पारगांवच्या माणसाला सासवडची एस. टी. धरून तेथेंच यावें लागतें.